हत्यारं विकण्याआधी ती वही वाचायला हवी होती

शहादा तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. पपई-केळीची शेती आणि गावात कृषी सेवा केंद्र. मुलगा सतरा वर्षांचा, बारावी सायन्सला. दहावीला ८४ टक्के, अकरावीला ५८. प्रकाशा गावाजवळ नातेवाइकांच्या मळ्यात एक जुनी लाकडी मोटरबोट वर्षानुवर्षं पडून होती. तापीवरच्या बॅरेजच्या पाण्यात फिरवायला म्हणून कुणीतरी हौसेनं मुंबईहून आणलेली. आठ महिन्यांपासून मुलगा क्लासला जातो सांगून निघतो आणि त्या बोटीपाशी जाऊन बसतो. मोबाइलवर अमेरिकेतल्या, इटलीतल्या विंटेज बोटी दुरुस्त करणाऱ्यांचे व्हिडिओ बघतो आणि म्हणतो, मला हेच करायचंय. वडील विचारतात, बोटीचीच आवड आहे तर मर्चंट नेव्हीची परीक्षा कोणती ते सांगा. शेवटी लिहितात, 'मना पोऱ्या वाया गया, असं गावात बोलतात.' सोबत मुलाच्या वहीच्या दोन पानांचे फोटो जोडले आहेत, वेडाचा पुरावा म्हणून.

भाऊसाहेब, मर्चंट नेव्हीचं आधी सांगून टाकतो. आयएमयू-सीईटी ही परीक्षा, बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून ६० टक्के, इंग्रजीत ५०, शिवाय डोळ्यांची आणि तब्येतीची तपासणी. तुमच्या मुलाला याचा उपयोग नाही. ट्रॅक्टर चालवणारा वेगळा आणि ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स खोलून बसवणारा वेगळा, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुमच्या चार पानी पत्रात मी अडलो ते तिसऱ्या पानावर. 'परवा त्याची सगळी हत्यारं भंगारवाल्याला देऊन टाकली, ३४० रुपये आले. तेव्हापासून घरात बोलत नाही, पण अभ्यासाला बसतो.' एवढंच लिहून तुम्ही पुढे क्लासच्या फीवर गेलात.

मी पुढे जाऊ शकलो नाही. ती हत्यारं कुठून आली होती, हेही तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहिलं आहे. गेल्या लग्नसराईत त्यानं केटरिंगवाल्याकडे वाढप्याचं काम केलं आणि त्या पैशातून रंधा, दोन पटाश्या आणि गिरमिट घेतलं. सतरा वर्षांच्या पोरानं स्वतःच्या कमाईतून घेतलेली ही पहिली वस्तू. ती तुम्ही किलोच्या भावानं विकलीत. तो शाळेत चोरी करताना सापडला असता तरी यापेक्षा कठोर शिक्षा तुम्ही दिली नसती. आणि 'अभ्यासाला बसतो' हे वाचून तुम्हाला हायसं वाटलं असेल, मला काळजी वाटली. न बोलता पुस्तकासमोर बसणारा मुलगा अभ्यास करतोय असं मानू नका. अशी मुलं माझ्यासमोर येऊन बसतात. काय आवडतं विचारलं की आधी वडिलांच्या तोंडाकडे बघतात.

तुमची मुख्य तक्रार अशी की त्याला चिकाटी नाही, एका जागी बसत नाही. आता तुम्हीच पाठवलेला फोटो पुन्हा बघा. मी मोठा करून पाहिला. पानभर बोटीचा सांगाडा काढलाय, वरून दिसेल तसा. फासळ्यांना १ ते १४ नंबर. खाली रकाने: तारीख, फासळी, हातोडीनं वाजवल्यावर आवाज, टोच्या किती आत गेला. आवाजाच्या रकान्यात दोनच शब्द, 'ठण' आणि 'बद'. बाजारात नारळ वाजवून घेतो तसं. तिसऱ्या फासळीपुढे 'बद, टोच्या पाव इंच, वरून पाणी झिरपतं'. दुसऱ्या पानावर कोणत्या फळीचे स्क्रू कोणत्या डबीत ठेवलेत त्याची यादी. भाऊसाहेब, लाकडी बोट विकत घेण्याआधी जो तज्ज्ञ तपासणी करतो तो असाच हातोडीनं ठोकत, टोचत, कान देत फिरतो आणि असाच तक्ता करतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. यातल्या कोणत्या ओळीत तुम्हाला वेड दिसलं?

तुमच्या पत्रातला एक गैरसमज मात्र नीट सोडवायला हवा, कारण त्यावरच तुम्ही सगळं ठरवलंय. तुम्ही लिहिता, पोरांनी मिळून बोट पाण्यात ढकलली तर तासाभरात घोट्यापर्यंत पाणी आलं, म्हणजे लाकूड सडलेलं आहे आणि आठ महिने पाण्यात गेले. तुमच्या वडिलांची बैलगाडी आठवा. वैशाखात चाकं सुकून खिळखिळी झाली, धाव सैल झाली की चाकं डोहात बुडवून ठेवायचे. दोन दिवसांनी लाकूड फुगून सगळं घट्ट. फळ्या जोडून केलेल्या बोटीचं अगदी तेच आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षं कोरड्यावर पडलेल्या बोटीच्या फळ्या आकसतात, फटी पडतात, आणि पहिल्यांदा पाण्यात उतरली की ती गळतेच. पंप लावून, दोरानं बांधून काही दिवस तिला पाणी पिऊ देतात. फटींमध्ये ठासायला कापसाची वात लागते, तीही कापूस पिकवणाऱ्या मुलखात मिळेल. लाकूड कुजतं ते बहुतेकदा वरून पडणाऱ्या पावसाच्या पाण्यानं. ते कोपऱ्यात साचून राहतं, वारा लागत नाही, लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर गेला की बुरशी धरते. तिसऱ्या फासळीपुढे पोरानं 'वरून पाणी झिरपतं' लिहिलंय ते म्हणूनच. तुम्हाला जिथं सड दिसली त्याच्या आधीच त्यानं कारण शोधलं होतं.

'हे सुतार-भोयांचं काम, आपलं नाही' हे वाक्य तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय. हे वाक्य मुलासमोर पुन्हा उच्चारू नका. तुमच्या गावावरून वाहणारी तापी पुढे सुरतेला समुद्राला मिळते. त्या सुरतेहून १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया हे कारागीर मुंबईला गेले आणि त्यांच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या गोदीत सागवानी जहाजं बांधली. त्याच गोदीतून १८१७ मध्ये पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. दोनशे वर्षं उलटून गेली. ते टिकलं ते मलबारच्या सागामुळे, आणि नंतर ज्यांनी एकेक सडलेली फळी काढून नवी बसवली त्यांच्यामुळे. ज्या हातांना तुम्ही खालचं म्हणता, त्या हातांचं हे काम आहे.

आता पोटापाण्याचं. इथं मी मुलाच्या बाजूनंही गोड बोलणार नाही. त्याच्या व्हिडिओत दिसतात त्या महोगनीच्या बोटी, अमेरिकेतल्या क्रिस-क्राफ्ट, इटलीतल्या सार्निकोच्या रिव्हा, यांचे मालक तिकडे आहेत, तिथं त्यांचे मेळे भरतात, वर्कशॉपं चालतात. भारतात जुन्या लाकडी मोटरबोटी थोड्या आणि त्यावर पैसे खर्च करणारे त्याहून थोडे. निव्वळ याच्यावर शहाद्यात किंवा मुंबईतही घर चालेल असं मी म्हणणार नाही. पण या कामात जी तीन कौशल्यं लागतात, लाकूड, इंजिन आणि पॉलिश-वॉर्निश, त्यांतल्या प्रत्येकाला गिऱ्हाईक आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या नर्मदाकाठच्या गावांना तर बोटीशिवाय दवाखाना गाठता येत नाही. तिथं बंद पडलेलं इंजिन जागेवर दुरुस्त करणारा माणूस ही गरज आहे, हौस नाही.

म्हणून बारावी पूर्ण करू द्या, पण एंट्रन्सचं ओझं उतरवा. त्यानंतर आयटीआय. मेकॅनिक डिझेल एक वर्षाचा ट्रेड आहे, सुतारकामाचाही एक वर्षाचा. त्याचं लाकडावर प्रेम असलं तरी मी आधी सुतारकाम आणि लगेच डिझेल असं दोन्ही करायला सांगेन. मग मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डची अप्रेंटिस भरती. तिथं 'शिपराइट (वुड)' नावाचा, म्हणजे जहाजाच्या लाकूडकामाचा, ट्रेडच आहे, आणि त्याला सुतारकामाचा आयटीआय चालतो. अप्रेंटिस झालं म्हणजे कायमची नोकरी लागली असं नाही, हे दोघांनीही लक्षात ठेवा. पण लाकडी होडी कशी सांधतात हे जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहून शिकायला मिळतं. आयटीआय म्हणजे नापासांची जागा असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, तुमच्या पंपाची मोटर जळते तेव्हा तुम्ही कुणाला बोलावता. नेव्हल आर्किटेक्चरची इंजिनिअरिंगची डिग्रीही असते, पण ती जहाजाची आखणी-गणितं करणाऱ्यांची. अकरावीचे मॅथ्सचे मार्क पाहता आत्ता त्यामागे लागू नका.

परीक्षा संपली की त्याला महिनाभर कच्छच्या मांडवीला पाठवा. रुक्मावतीच्या काठावर आजही मोठी लाकडी जहाजं उघड्यावर बांधली जातात. कुणा मिस्त्रीच्या हाताखाली फळ्या उचलू द्या, रेती-धुळीत राबू द्या. महिन्यानं तो परत आला आणि म्हणाला नको, तर प्रश्न संपला आणि तुमचे पैसेही फारसे गेले नाहीत. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्टला आयवायआरएस नावाची शाळा लाकडी बोटींचं पुनरुज्जीवन शिकवते. तिचं नाव मुलगा आज ना उद्या तुमच्यापुढे काढेल. त्याचा विचार पाच वर्षांनी, हातात काम आल्यावर आणि स्वतःच्या कमाईवर. त्यासाठी जमीन गहाण टाकायची नाही.

आता पुढचा भाग त्याला वाचायला द्या.

बाळा, तू आठ महिने घरी खोटं बोललास. क्लासची फी वडिलांनी पपई विकून भरली होती. ते आधी कबूल कर, सबबी न सांगता. दुसरं, व्हिडिओत जे चमकताना दिसतं ते शेवटच्या महिन्याचं काम असतं. दहा-बारा हात वॉर्निश, प्रत्येक हातानंतर पुन्हा घासणं. त्याआधीचं वर्ष उताणं पडून तळाच्या फळ्या काढण्यात आणि गंजलेले स्क्रू मोडण्यात जातं. तुला तेही आवडतंय असं वहीवरून वाटतं, म्हणून लिहितोय. तुझ्या यादीत पाण्याखालच्या फळ्यांना 'पितळी स्क्रू, बाजारातून' लिहिलंय. ते बसवू नकोस. पाण्यात राहून पितळातलं जस्त निघून जातं आणि स्क्रू खडूसारखा तुटतो. सिलिकॉन ब्राँझचे लागतात, महाग पडतात, थोडे थोडे घे. आणि गळती थांबवायला वरून फायबर चढवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. आत अडकलेल्या ओलाव्यानं लाकूड आतून कुजेल आणि तुला कळणारही नाही.

तिसरी गोष्ट जिवाची. तुझ्या बोटीला पेट्रोल इंजिन आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साठते आणि सेल्फच्या एका ठिणगीनं भडका उडतो. झाकण उघडून, तळात हवा खेळवून, वास घेऊनच इंजिन चालू करायचं. बॅरेजच्या पाण्यात लाइफ जॅकेटशिवाय एकाही मित्राला बसवायचं नाही. यंत्रावर चालणाऱ्या बोटीला २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे तपासणी आणि नोंदणी लागते, ती होईपर्यंत बोट काठाला बांधलेलीच राहील.

भाऊसाहेब, या शनिवारी दुकान दुपारी बंद करा. आधी भंगारवाल्याकडे जा, रंधा वितळायला गेला नसेल तर दुप्पट पैसे देऊन परत घ्या. नसेल मिळत तर मुलाला घेऊन शहाद्याच्या बाजारात जा आणि त्याला निवडू द्या. वाटेत त्याला म्हणा की माझी चूक झाली. कठीण जाईल, माहीत आहे. आपल्याकडे बाप मुलाला असं म्हणत नाही. तरी म्हणा. मग तिथूनच दोघं मळ्यात जा. वहीत नऊ ते चौदा नंबरच्या फासळ्यांपुढचे रकाने कोरे आहेत, हत्यारं गेली तिथं काम थांबलंय. तो ठोकेल, तुम्ही कान द्या आणि लिहून घ्या. तुम्ही आयुष्यभर कलिंगडं वाजवून घेतलीत, 'ठण' आणि 'बद' तुम्हाला त्याच्याइतकंच कळतं. पान भरलं की त्याचा फोटो मला पाठवा.