घरचा डेस्कटॉप आणि ऑफिसचा लॅपटॉप, दोन्ही एकाच कीबोर्ड-माऊस-मॉनिटरवर कसे चालवावेत?

तुम्ही लिहिलंय की टेबल एकच आहे, त्यावर घरचा डेस्कटॉप आहे, सोमवार ते शुक्रवार ऑफिसचा लॅपटॉपही तिथेच मांडावा लागतो, आणि रोज वायरी काढून-घालून जीव मेटाकुटीला आलाय. ऑनलाइन 'केव्हीएम स्विच' नावाची डबी दिसते, एका बटणाने कीबोर्ड, मॉनिटर आणि माऊस या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर वळवणारी, ती घ्यावी का?

एवढ्यात घेऊ नका. आधी मोबाइलचा टॉर्च लावून मॉनिटरच्या मागे डोकावा.

गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक मॉनिटरना मागे व्हिडिओची दोन तरी पोर्ट असतात. एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट, किंवा दोन्ही एचडीएमआय. स्वस्तातला असेल तर एक एचडीएमआय आणि एक जुनं व्हीजीए. दोन पोर्ट असली की एकात डेस्कटॉपची केबल, दुसऱ्यात लॅपटॉपची, दोन्ही कायमच्या लावलेल्या. कुठलं चित्र दाखवायचं ते मॉनिटरच्या बटणाने 'इनपुट' बदलून ठरवायचं. म्हणजे मॉनिटर वाटून घ्यायची सोय तुम्ही मॉनिटरबरोबरच विकत घेतलेली आहे. उरले कीबोर्ड आणि माऊस. त्यांच्यासाठी केव्हीएम लागत नाही, साधा यूएसबी स्विच पुरतो. दुकानात तो कधीकधी 'प्रिंटर शेअरिंग स्विच' म्हणून विकतात, कारण मूळ उपयोग तोच होता. एका बाजूला कीबोर्ड, माऊस, हेडफोन लावायचे, दुसऱ्या बाजूने दोन वायरी दोन कॉम्प्युटरना जातात, वर एक बटण. मी माझा बाराशे रुपयांना घेतला आणि तीन वर्षं झाली, अजून तोच चालतोय.

हे शहाणपण मला आधी सुचलं नव्हतं. माझं काम भाषांतराचं. एका कंपनीने लॅपटॉप दिला होता, बाकी कामं माझ्या डेस्कटॉपवर. मी सरळ जाऊन स्वस्तातला एचडीएमआय केव्हीएम आणला. केव्हीएम म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस. सर्व्हर रूममध्ये दहा-वीस मशीन एका खुर्चीतून सांभाळायला ही चीज वापरतात. तिथे मिळणारी डबी आणि मी आणलेली डबी यांत नावापुरतंच साम्य होतं, हे घरी आल्यावर कळलं.

पहिला त्रास असा, की बटण दाबून दुसरीकडे गेलो आणि परत आलो की डेस्कटॉपवरच्या सगळ्या खिडक्या एका कोपऱ्यात गोळा झालेल्या. याचं कारण आहे. मॉनिटर कॉम्प्युटरला आपली ओळख सांगत असतो, माझं रिझोल्यूशन इतकं, मी सेकंदाला इतक्या वेळा चित्र बदलतो वगैरे. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. स्वस्त डबी दुसरीकडे वळली की पहिल्या कॉम्प्युटरच्या दृष्टीने मॉनिटर उपटला गेलेला असतो, म्हणून तो पुन्हा मांडणी करायला घेतो. चांगल्या केव्हीएममध्ये ही ओळख डबीच धरून ठेवते, आणि त्या सोयीचेच जास्त पैसे मोजावे लागतात.

दुसरा त्रास माऊसचा. तो जड झाल्यासारखा वाटायचा, बाण हाताच्या मागून रखडत यायचा. आधी मी माऊसलाच दोष दिला, पॅडसुद्धा बदललं. खरी गोष्ट डबीच्या खोक्यावर बारीक अक्षरात होती : ४के, ३० हर्ट्झ. एचडीएमआय १.४ च्या मार्गाने ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं, ६० साठी एचडीएमआय २.० लागतं. मॉनिटर आणि दोन्ही कॉम्प्युटर ६० चे असले, तरी मधली डबी ३० ची असली की सगळं ३० वर येतं. तुमचा मॉनिटर साधा फुल एचडी असेल तर ही अडचण येणार नाही, पण खोक्यावर नुसतं '४के' वाचून खूश होऊ नका. पुढचा आकडा बघा.

तिसरा त्रास कीबोर्डचा. स्क्रोल लॉक दोनदा दाबलं की बाजू बदलते असं त्यात होतं. माझ्या छोट्या कीबोर्डला स्क्रोल लॉकच नाही! एक जुना मोठा कीबोर्ड लावला, तर डबीने त्याला ओळखलं, पण अधूनमधून कुठल्याच कॉम्प्युटरला अक्षर पोचेना. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण मला त्या आठवड्यात नीट समजली. डबी परत केली.

आता बरेच जण तुम्हाला सांगतील, पैसे कशाला घालवता, सॉफ्टवेअर टाका. खोटं नाही ते. मायक्रोसॉफ्टचं 'माऊस विदाउट बॉर्डर्स' २०११ पासून आहे आणि २०२३ मध्ये ते पॉवरटॉइज या फुकट मिळणाऱ्या संचात आलं. चार विंडोज कॉम्प्युटरपर्यंत चालतं. माऊस पडद्याच्या कडेवरून पलीकडे ढकलला की दुसऱ्या कॉम्प्युटरवर जातो, कीबोर्डही त्याच्यामागे जातो, इकडे कॉपी केलेलं तिकडे पेस्ट होतं. एक लिनक्स आणि एक विंडोज असेल तर डेस्कफ्लो किंवा इनपुट लीप बघा. जुन्या लेखांत बॅरिअरचं नाव सापडेल, त्याची देखभाल आता थांबली आहे. दोन्ही मशीन ॲपलची असतील तर काही टाकायचीही गरज नाही, २०२२ पासून युनिव्हर्सल कंट्रोल मॅकमध्येच आहे.

पण तुमच्या बाबतीत दोन गोष्टी आड येतात. एक म्हणजे हे सगळं दोन पडदे शेजारी-शेजारी दिसत असतील तेव्हाच मजेचं. लॅपटॉप उघडा ठेवून त्याचा स्वतःचा पडदा वापरणार असाल तर उत्तम, नाहीतर न दिसणाऱ्या पडद्यावर माऊस नेऊन करायचं काय? दुसरी अडचण ऑफिसची. कंपनीच्या लॅपटॉपवर आपल्याला काही टाकायची परवानगी बहुधा नसते. असली तरी कंपनीचं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारा बंदिस्त मार्ग, चालू झालं की घरातल्या घरात दोन मशीनचं बोलणं बंद पडू शकतं, माझं तसंच झालं. शिवाय ऑफिसचा मजकूर घरच्या कॉम्प्युटरवर सहज पेस्ट होणं ही आपल्याला सोय वाटते, आयटी विभागाला चोरवाट वाटते. यूएसबी स्विच लॅपटॉपला साध्या यूएसबी हबसारखाच दिसतो, त्यात टाकण्यासारखं काही नसतं. तरी ऑफिसने यूएसबीवर बंधनं घातली असतील तर आधी विचारून घ्या. आणि लॅपटॉप सुरू होताना विंडोजच्या आधी पिन मागत असेल, तर तिथे सॉफ्टवेअर पोचतच नाही, स्विचवरचा वायरचा कीबोर्ड चालतो.

मराठी टाइप करत असाल तर आणखी एक. सॉफ्टवेअरच्या मार्गाने टाइप करताना मुख्य मशीनवर, म्हणजे ज्याला कीबोर्ड जोडलाय त्यावर, इन्स्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची मांडणी चालू ठेवून पलीकडे लिहायला गेलो की माझी अक्षरं काहीच्या काही उमटायची. शेवटी मुख्य मशीन इंग्रजीवर ठेवायचं आणि पलीकडच्या मशीनवर तिथल्या तिथे मराठी निवडायचं, असं करून भागवलं. स्विचमध्ये हा घोळच नाही. कीबोर्ड फक्त 'अमुक नंबरचं बटण दाबलं' एवढंच कळवतो, त्याचा मराठी 'क' करायचा की इंग्रजी 'के' हे ज्याचं त्याने ठरवायचं. माझा डेस्कटॉप इन्स्क्रिप्टवर आणि लॅपटॉप इंग्रजीवर असतो, कोणी कोणाच्या वाटेला जात नाही.

यूएसबी स्विच घेतलात तर एक कुरकुर राहते : बटणं दोन दाबावी लागतात, एक स्विचचं आणि एक मॉनिटरचं. मॉनिटरची ती खालच्या कडेची चिमुकली बटणं बोटाने चाचपत शोधणं हा छळच आहे. त्यावर उपाय आहे. बहुतेक मॉनिटर केबलमधूनच कॉम्प्युटरचे हुकूम ऐकतात, या पद्धतीला डीडीसी/सीआय म्हणतात, आणि मॉनिटरच्या मेन्यूत ती चालू असावी लागते. इनपुट बदलण्याचा हुकूम ६० नंबरचा. विंडोजवर कंट्रोलमायमॉनिटर नावाचं छोटं फुकट साधन आहे, लिनक्सवर डीडीसीयूटिल. त्यातून हा हुकूम एखाद्या शॉर्टकटला बांधून टाकायचा. माझ्या डेस्कटॉपवर एक शॉर्टकट दाबला की मॉनिटर लॅपटॉपकडे वळतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर काही टाकता येत नाही, म्हणून परतीच्या वाटेला अजून बोटानेच चाचपतो.

मॉनिटर दुसरीकडे वळवला तरी पहिल्या कॉम्प्युटरला अनेकदा तो अजून जोडलेलाच वाटतो. त्यामुळे लॅपटॉपची एखादी खिडकी 'गायब' झाली तर घाबरू नका, ती न दिसणाऱ्या पडद्यावर असते. विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण एकत्र दाबलात की इकडे येते.

मॉनिटरच्या मागे एकच पोर्ट निघालं, तर मात्र केव्हीएमचा विचार करा. मग ६० हर्ट्झ आणि ईडीआयडी या दोन गोष्टी बघून घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी जाऊ द्या. चार आण्याची कोंबडी घेऊन बारा आण्याचा मसाला मी घालून झालाय. नवा मॉनिटर घ्यायचाच असेल तर यूएसबी-सी आणि आत केव्हीएम असलेला बघा : एकाच वायरने लॅपटॉपचं चित्र, कीबोर्ड-माऊस आणि चार्जिंग. फक्त लॅपटॉपचं यूएसबी-सी पोर्ट चित्र बाहेर काढतं का ते आधी तपासा, सगळी काढत नाहीत.

कीबोर्ड-माऊस वायरलेस असतील तर त्यांचा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा तो छोटा रिसीव्हर, स्विचमध्ये लावता येतो. पण शेजारच्या पोर्टला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क असेल तर माऊस अडखळू शकतो, कारण यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओत मिसळतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं. हातभर एक्स्टेंशन केबल लावून डोंगल लांब ठेवला की काम होतं.

आणि पेन ड्राइव्ह त्या स्विचला लावू नका. बटण दाबणं म्हणजे 'इजेक्ट' न करता तो उपटणंच. मी एकदा कॉपी चालू असताना सवयीने बटण दाबलं आणि अर्ध्या दिवसाचं भाषांतर पुन्हा केलं.