डोंगराळ किनाऱ्यालगत दिवसभराची अवघड सायकल-फेरी कशी आखावी?

अंतराआधी एकूण चढ मोजावा. किनाऱ्याचा रस्ता नकाशावर सोपा भासतो, कारण मोठा घाट कोठेच दिसत नाही. परंतु प्रत्येक खाडीपाशी तो जवळजवळ समुद्रसपाटीला उतरतो आणि लगेच कड्यावर चढतो, त्यामुळे ८० मीटरचे बारा चढ लागले तरी बेरीज ९६० मीटर होते. हे चढ आखूड पण उभे असतात आणि उताराच्या तळाशी बहुधा वळण किंवा अरुंद पूल असल्याने मिळालेला वेग पुढच्या चढाला क्वचितच उपयोगी पडतो. म्हणून चढाला हलका गिअर मिळावा यासाठी मागच्या चाकावरचे सर्वांत मोठे दातेरी चक्र ३२ ते ३४ दात्यांचे असावे आणि ब्रेकचे पॅड निघण्यापूर्वी तपासावेत.

सर्वांत महत्त्वाचा मला वारा वाटतो. ऊन तापले की समुद्राकडून जमिनीकडे वारा सुटतो आणि दुपारनंतर जोर धरतो. तेव्हा किनाऱ्याचा कठीण भाग सकाळी, पाय ताजे असताना उरकावा आणि परतीसाठी आतला, तुलनेने आडोशाचा रस्ता धरावा. वाटेत फेरीबोट असेल, तर तिच्या वेळा आदल्या दिवशीच विचारून ठेवाव्यात. अर्ध्या वाटेवरून लवकर परतता येईल असा एक जोडरस्ताही अवश्य हेरून ठेवावा.