भिडेखातर खाल्लेला घास: वाचकांचे प्रश्न, आहारतज्ज्ञांची उत्तरे

सणासुदीचे दिवस जवळ येऊ लागले की कार्यालयात येणाऱ्या खाऊविषयीची पत्रे वाढतात. त्यांपैकी तीन पत्रांना येथे उत्तर दिले आहे. पहिल्या पत्रातली अडचण अनेकांची असल्याने त्याचे उत्तर सविस्तर आहे.

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. गेल्या काही महिन्यांपासून मी वजन कमी करण्याचा प्रयत्न करते आहे आणि घरचे खाणेपिणे आता बऱ्यापैकी मार्गी लागले आहे. अडचण कार्यालयात होते. सणाच्या आधीचे दोन-तीन आठवडे आमच्या विभागात रोज काही ना काही येते. कोणी घरी केलेला गोड पदार्थ आणते, कोणी चॉकलेटचा डबा आणते, बाहेरून भेटीची खोकी येतात, आणि हे सगळे माझ्या जागेपासून चार पावलांवर दिवसभर उघडे असते. आज काहीही घ्यायचे नाही असे मी सकाळी ठरवते आणि दुपारपर्यंत ते पाळतेही. पण चारच्या सुमारास एक तुकडा तोंडात गेला की ‘आजचा दिवस तर गेलाच’ असे वाटते आणि मग आणखी तीन-चार तुकडे खाल्ले जातात. नको म्हटले तर ‘एवढ्याने काय होते’ असा आग्रह होतो, आणि एक ज्येष्ठ सहकारी तर खरोखर नाराज होतात. माझ्यात मनोनिग्रहच नाही का?

उत्तर: तुमच्या मनोनिग्रहाविषयी मला शंका वाटत नाही, कारण सकाळपासून दुपारपर्यंत तुम्ही तो पाळता, हे तुमच्याच पत्रात आहे. चार पावलांवर उघडा डबा असेल तर त्या बाजूने जाताना प्रत्येक वेळी मनातल्या मनात नव्याने नकार द्यावा लागतो. दिवसभरात असे वीस नकार यशस्वी झाले आणि एकविसावा फसला, तरी माणूस त्या एकाच प्रसंगावरून स्वतःला दुबळे ठरवतो. चार वाजता पोटात भूक असते, कामाचा शीण असतो आणि समोर तयार पदार्थ असतो. अशा वेळी निर्णय घेण्याची पाळीच येऊ नये अशी व्यवस्था आधी करून ठेवणे हाच माझ्या मते खरा उपाय आहे.

‘काहीही घ्यायचे नाही’ हा निश्चय ऐकायला सोपा असला तरी पाळायला फार अवघड आहे, कारण तो पाळण्यासाठी ज्या गोष्टीपासून दूर राहायचे तिचीच आठवण सतत ठेवावी लागते. डॅनिएल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले होते. तो विचार त्यांना टाळता तर आला नाहीच, पण नंतर तो करण्याची मुभा मिळाल्यावर, सुरुवातीपासून मुभा असलेल्यांपेक्षाही त्यांच्या मनात तो अधिक वेळा आला. म्हणून ‘काय खाणार नाही’ याऐवजी ‘काय खाणार आहे’ हे ठरवावे, असे मी सुचवेन. आठवड्याच्या सुरुवातीला, पोट भरलेले असताना, या दिवसांत मिळणाऱ्या पदार्थांपैकी आपल्याला मनापासून काय आवडते ते आठवून पाहा. बहुतेकांच्या बाबतीत असे पदार्थ दोन-तीनच निघतात, आणि बाकीचे केवळ समोर आहेत म्हणून येता-जाता तोंडात टाकले जातात. ते दोन-तीन पदार्थ कोणत्या दिवशी आणि किती घ्यायचे हे ठरवा, आणि घेताना ताटलीत घेऊन, संगणकासमोरून उठून, शक्यतो जेवणानंतर सावकाश खा. उरलेल्यांविषयीचा निर्णय तेव्हाच झालेला असल्यामुळे डब्याशेजारून जाताना वाद घालण्याचे कारण उरत नाही.

‘आजचा दिवस गेलाच’ या भावनेकडे विशेष लक्ष द्यायला हवे, कारण नुकसान पहिल्या तुकड्यापेक्षा तिच्यामुळेच अधिक होते. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात काही व्यक्तींना आधी मिल्कशेक पाजून नंतर हवे तितके आइस्क्रीम खाण्यास सांगितले होते. ज्या व्यक्ती एरवी खाण्यावर कडक बंधने घालत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर साहजिकच कमी आइस्क्रीम खाल्ले. ज्या कडक बंधने पाळत होत्या, त्यांनी मात्र मिल्कशेक न घेतलेल्या आपल्यासारख्याच इतरांपेक्षा उलट जास्त खाल्ले, कारण एकदा नियम मोडल्यावर त्यांना आवर घालणारे काही उरले नव्हते. तुमचे चार वाजताचे वर्तन याच जातीचे आहे. आता त्याचा हिशेब पाहू. साधारण दहा ग्रॅम चॉकलेटच्या तुकड्यात ५० ते ५५ किलोकॅलरी असतात, आणि एवढ्याने कोणाचाही दिवस वाया जात नाही. त्यानंतरचे चार तुकडे मिळून हा आकडा २५०च्या पुढे नेतात. वजन उतरवण्यासाठी रोज ५०० किलोकॅलरी कमी खाण्याचे तुम्ही ठरवले असेल, तर त्यातला निम्मा भाग येथेच संपतो, आणि तीन आठवड्यांच्या पंधरा कामाच्या दिवसांत असे रोज झाले तर अर्धा किलो चरबीइतकी ऊर्जा शरीरात जाते. म्हणून एक तुकडा खाल्ला गेलाच, तर तो मोजावा आणि तेथेच थांबावे. नियम मोडला म्हणून तो दिवसभरासाठी रद्द झाला असे मानू नये.

काही तजवीज अगदी साधी आहे, पण तिचा उपयोग मोठा होतो. डबे तुमच्या जागेजवळून हलवून झाकणाच्या भांड्यात किंवा कपाटात ठेवता येतील का, हे विभागात एकदा मोकळेपणाने विचारा. तुमच्यासारखी अडचण असलेले आणखी कोणीतरी नक्कीच निघेल. ते शक्य नसेल तर पाण्याला किंवा प्रिंटरकडे जाण्याचा रस्ता बदला. भेट म्हणून मिळालेले खोके आपल्या खणात मुळीच ठेवू नका, त्याच दिवशी घरी न्या किंवा वाटून टाका. आणि संध्याकाळी गोड खायचे आहे म्हणून दुपारचे जेवण टाळण्याची चूक करू नका. पोटभर भाज्या आणि डाळी, कडधान्ये, अंडी किंवा दही यांपैकी काहीतरी प्रथिनयुक्त असलेले जेवण झाले असेल, तर चारची भूक पुष्कळ सौम्य होते. तरीही ती लागत असेल तर साडेतीनलाच घरून आणलेले फळ किंवा मूठभर दाणे खावेत.

आता आग्रहाविषयी. माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांची खरी अडचण चव नसून भीड असते. त्यांना तो पदार्थ नको असतो, तरी देणाऱ्याचे मन मोडायला नको म्हणून ते खातात, आणि अशा घासात खाल्ल्याचा आनंदही नसतो. देणाऱ्याला बहुधा आपली दखल घेतली जावी एवढेच हवे असते, आणि ती दखल न खाताही घेता येते. ‘तुम्ही आठवणीने आणलेत, फार बरे वाटले. माझे आत्ताच जेवण झाले आहे, मी एक घरी घेऊन जाते,’ एवढे हसून म्हणावे आणि विषय कामाकडे वळवावा. नकार एकदाच, थोडक्यात आणि कारणांची यादी न देता द्यावा, कारण प्रत्येक कारणावर समोरच्याकडे उत्तर तयार असते. ‘मी वजन कमी करते आहे’ म्हटले की ‘तुम्हाला कशाला हवे’ हे ठरलेलेच. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे की ‘असे घडले, तर मी असे करीन’ या स्वरूपात आधी ठरवलेला बेत नुसत्या चांगल्या इच्छेपेक्षा अधिक वेळा पार पडतो. तेव्हा चहाच्या वेळी कोणी डबा पुढे केला तर कोणते वाक्य बोलायचे, हे घरीच ठरवून ठेवा. ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या बाबतीत मात्र मी नकाराचा सल्ला देणार नाही. त्यांनी स्वतः केलेला पदार्थ तुमच्या ठरवलेल्या दोन-तीनांमध्ये घाला, त्यांच्याजवळ बसून एक तुकडा चवीने खा आणि तो कसा केला ते विचारा. इतक्या आस्थेने खाणाऱ्याला सहसा कोणी दुसऱ्याचा आग्रह करत नाही, आणि केला तरी तेव्हा ‘पुरे’ म्हणणे सोपे जाते.

प्रश्न: मागच्या आठवड्यात कार्यालयातल्या समारंभात मी जरा जास्तच खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वजन दीड किलोने वाढलेले दिसले. हे भरून काढण्यासाठी एक-दोन दिवस कडक उपास करावा का? की सुट्ट्या संपेपर्यंत वजन करणेच थांबवावे?

उत्तर: यांपैकी काहीही करू नये. एक किलो चरबी साठण्यासाठी गरजेपेक्षा साधारण ७७०० किलोकॅलरी अधिक खाव्या लागतात, म्हणजे दीड किलोसाठी साडेअकरा हजारांहून अधिक, आणि एका समारंभात इतके खाणे जवळजवळ अशक्य आहे. काट्यावर दिसलेली वाढ बहुतांशी पाण्याची असते. पिष्टमय आणि गोड पदार्थ खाल्ले की शरीर त्यांचा काही भाग ग्लायकोजेनच्या रूपात साठवते, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही साठते. त्यात खारे पदार्थ झाले असतील तर मिठामुळे आणखी पाणी धरून ठेवले जाते. नेहमीचे खाणे सुरू केले की दोन-चार दिवसांत हे पाणी उतरते. उपासाने मात्र भूक साचते आणि पुढचा डबा समोर आल्यावर तोल जातो, म्हणून पुढचे जेवण नेहमीसारखे आणि नेहमीच्या वेळी घ्यावे. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर एकदम खाली आणू शकणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण टाळू नये.

वजन करणे थांबवू नका, याबद्दल माझे मत ठाम आहे. अमेरिकेत १९५ प्रौढ व्यक्तींवर केलेले एक निरीक्षण २००० साली प्रसिद्ध झाले. वर्षअखेरीच्या सुट्ट्यांच्या काळात त्यांचे वजन सरासरी केवळ ०.३७ किलोने वाढले, आणि ते त्या व्यक्तींना वाटत होते त्यापेक्षा बरेच कमी होते. काळजीची बाब अशी की ही लहानशी वाढ पुढच्या महिन्यांत उतरली नाही, आणि वर्षे सरतात तशी ती साठत जाते. इंग्लंडमध्ये २०१६ आणि २०१७च्या हिवाळ्यात २७२ व्यक्तींवर झालेल्या एका चाचणीत एका गटाला आठवड्यातून किमान दोनदा वजन करून नोंद ठेवायला सांगितले होते, आणि सणातल्या पदार्थांमधील ऊर्जा खर्च होण्यासाठी किती हालचाल लागेल याचे चित्ररूप कोष्टक दिले होते. त्या गटाचे वजन सरासरी ०.१३ किलोने घटले, तर केवळ माहितीपत्रक मिळालेल्या गटाचे ०.३७ किलोने वाढले. सण चालू असताना वजन उतरवण्याचा हट्ट सोडून ते आहे तेथे राखले, तरी मी ते चांगले यश मानते. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, सकाळी वजन करा आणि एका आकड्याऐवजी दोन-तीन आठवड्यांचा कल पाहा.

मात्र खाणे सुरू झाल्यावर थांबताच न येणे, लपून खाणे, किंवा खाल्लेले मुद्दाम उलटून टाकणे असे काही वारंवार होत असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नये.

प्रश्न: मी एका विभागाचा प्रमुख आहे. माझे काही सहकारी वजनाच्या किंवा साखरेच्या कारणाने पथ्य पाळतात हे मला ठाऊक आहे. सणाचा आनंद न घालवता त्यांना त्रास होणार नाही असे काही करता येईल का?

उत्तर: पुष्कळ करता येईल, आणि प्रमुखाने केले तर इतरांना ते मागण्याचा संकोच राहत नाही. रोज सगळीकडे डबे उघडे ठेवण्यापेक्षा आठवड्यातला एक दिवस आणि एक वेळ ठरवा, सगळ्यांनी आणलेले पदार्थ त्या वेळी एकत्र बसून खा, आणि नंतर झाकून आत ठेवा. कामाच्या टेबलांजवळ आणि बैठकीच्या खोलीत पदार्थ ठेवू नका. पदार्थांचे तुकडे लहान ठेवा, आणि त्याच टेबलावर फळे, बिनमिठाचे दाणे आणि बिनसाखरेचे पेयही ठेवा, म्हणजे पथ्य पाळणाऱ्याला वेगळे पडल्यासारखे वाटणार नाही.

कोणी काय घेतले किंवा घेतले नाही, कोण बारीक झाले किंवा जाड झाले, यावर टेबलाभोवती चर्चा होऊ देऊ नका. कौतुकाच्या सुरातली असली तरी ती पथ्य पाळणाऱ्याला अवघड करते. याच कारणाने कार्यालयात वजन घटवण्याच्या स्पर्धा लावू नयेत असे माझे मत आहे. उरलेले पदार्थ ‘वाया जायला नकोत’ म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलावर न मांडता त्याच संध्याकाळी ज्यांना हवे असतील त्यांना घरी न्यायला द्या. त्यासाठी काही रिकामे डबे विभागात आधीच आणून ठेवा.