गाठ दुखत नाही, चवथीनंतर दाखवली तर चालेल?

प्रश्न : वय ४६. दोन महिन्यांपूर्वी आंघोळ करताना उजव्या स्तनात, काखेच्या बाजूला वर, सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दुखत नाही. घरचे म्हणतात, चवथ झाली की बघू. आत्याला ४८व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता, पण ती वडिलांकडची; आईच्या माहेरी कुणालाच नाही. शेजारणी सांगतात, सुई टोचली की रोग पसरतो. काय करू?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, चवथीपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. गाठ दुखत नाही हा दिलासा नव्हे. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. काखेकडच्या वरच्या भागात ग्रंथी सर्वांत जास्त, त्यामुळे जवळजवळ निम्मे कॅन्सर तिथेच सापडतात. तरीही तुमची गाठ साधी असू शकते, या वयात पाण्याच्या गाठीही होतात. पण हे बोटांनी चाचपून ठरत नाही.

आत्याचं मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा. स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष वडिलांकडूनही तितकाच येतो आणि पन्नाशीच्या आत झालेला कॅन्सर जास्त महत्त्वाचा. घरात कुणाला बीजांडकोशाचा कॅन्सर किंवा एखाद्या पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर तेही सांगा. उलट, आईचं माहेर निर्धास्त म्हणून आपणही निर्धास्त, असं नसतं. आनुवंशिक कॅन्सर शंभरात पाच ते दहाच. बाकीच्या बायकांच्या घरी असा दोष नसतोच.

आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) सर्जरीच्या ओपीडीत जा. तिथे डॉक्टर हाताने तपासतील, मग मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि सोनोग्राफी, दोन्ही. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नका, त्याचे कण फोटोत चुन्याच्या ठिपक्यांसारखे दिसतात. प्रत्येक स्तनाचे दोन फोटो निघतात. काही सेकंद चांगलंच दाबतात. दाबल्याने आतला भाग पसरतो आणि गाठ लपत नाही. एवढं करून मॅमोग्राफी नॉर्मल आली तरी घरी बसू नका. हाताला लागणाऱ्या कॅन्सरच्या गाठींपैकी काही त्यात दिसत नाहीत, विशेषतः स्तनांत चरबी कमी आणि ग्रंथींचा भाग दाट असेल तर. रिपोर्टवर ‘बायरॅड्स’ म्हणजे निष्कर्षाचा क्रमांक असतो. तो ० असेल तर त्याचा अर्थ ‘काही नाही’ असा नव्हे, तपासणी अपुरी आहे असा. ४ किंवा ५ असेल तर तुकडा काढावा लागतो.

सुईने रोग पसरतो ही भीती सोडा. या भीतीपायी वाया जाणारे महिनेच खरे घातक. जागा बधिर करून जाड सुईने तीन-चार बारीक तुकडे काढतात. बारीक सुईने नुसत्या पेशी मिळतात. कॅन्सर निघाला तर गाठ हार्मोनवर किंवा हर-२ या प्रथिनावर वाढते का, हे बघायला तुकड्यावर ईआर, पीआर आणि हर-२ या तपासण्या होतात आणि औषध कोणतं, ते त्यावरून ठरतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा.

प्रश्न : वय ४१, तक्रार काहीच नाही. गावातल्या शिबिरात हातातल्या यंत्राने तपासलं, सगळं ठीक निघालं. आता मॅमोग्राफी हवी का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : ते यंत्र कडक जागा शोधतं, ते मॅमोग्राफी नव्हे. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी हाताने तपासणी सांगितली आहे. आमच्या मते ती दर दोन वर्षांनी व्हावी: मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने वीस वर्षं केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित सेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत होत्या आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. अमेरिकेतल्या २०२४च्या शिफारशीत ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी आहे; परवडत असेल तर करून घ्या. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात केलीत तर दुखणं कमी होतं. आधीचे फोटो असतील तर बरोबर न्या, नवी सावली आणि जुनी सावली यांतला फरक त्यांवरूनच कळतो.