वाचकांचे प्रश्न : चारशे अश्वशक्तीसाठी ब्लॉक कोणता?

प्रश्न : माझ्याकडे जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. तिचे १.८ लिटरचे टर्बो इंजिन आता खोलावेच लागणार असल्यामुळे, त्याच खर्चात थोडी भर घालून रोज वापरता येईल अशी ४०० अश्वशक्तीची गाडी बांधावी असा विचार आहे. मूळ ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य सांगाडा) ठेवावा, नव्या पिढीच्या २.० टीएसआय इंजिनाचा ब्लॉक आणावा, की मित्र सांगतात त्याप्रमाणे टोयोटाचे टू-जेझेड बसवावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : मूळ ब्लॉक ठेवावा. तो तपासणीत नापास झाला, तरच दुसऱ्याचा विचार करावा.

टू-जेझेडची कीर्ती खोटी नाही. २,९९७ घन सेंटिमीटरचे हे सहा सिलिंडरांचे इंजिन बिडाच्या ब्लॉकचे आहे, त्याचा डेक (हेड बसते तो ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग) बंद आहे आणि क्रँकला (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दंडाला) सात मेन बेअरिंगांचा आधार आहे. पण ते सुप्रासारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत उभे बसवण्यासाठी घडवलेले आहे, तर आपली गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असून तिचे इंजिन आडवे बसते. तेव्हा हा प्रश्न ब्लॉक बदलण्याचा राहत नाही, गाडीच नव्याने बांधण्याचा होतो. त्यामुळे तो पर्याय येथेच सोडून देऊ.

ब्लॉकवर किती ताण येणार हे अश्वशक्तीच्या आकड्यावरून कळत नाही. ४०० अश्वशक्ती मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर मिळवायची असेल तर सुमारे ५७० न्यूटन मीटर टॉर्क (क्रँक फिरवणारा जोर) लागतो, आणि तीच ६,५०० फेऱ्यांवर मिळवली तर सुमारे ४४० पुरतो. सिलिंडरच्या भिंती, हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेड यांच्यातील सील) आणि मेन कॅप (क्रँकला धरून ठेवणारी टोपणे) यांना सोसावा लागतो तो सिलिंडरातील दाब, आणि तो टॉर्कबरोबर वाढतो. म्हणून मोठा टर्बो लावून ताकद वरच्या फेऱ्यांवर घेणे आणि खालच्या फेऱ्यांवर बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) आवरून धरणे हे ब्लॉकच्या दृष्टीने हिताचे असते. मात्र फेऱ्या वाढल्या की कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारे दांडे) आणि व्हॉल्व्ह स्प्रिंगांवरचा भार वाढतो, हेही हिशेबात धरावे.

आपला १,७८१ घन सेंटिमीटरचा ब्लॉक बिडाचाच आहे. अ‍ॅल्युमिनियम हलके असते हे खरे, पण तापल्यावर ते बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, आणि उघड्या डेकच्या अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकमध्ये सिलिंडरांची वरची टोके पाण्यात निराधार उभी असल्यामुळे जास्त बूस्टखाली ती हलून गॅस्केट उडते. ही धास्ती आपल्याला नाही. या इंजिनात ब्लॉकच्या कितीतरी आधी मूळ कनेक्टिंग रॉड वाकतात. म्हणून पहिला खर्च फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या) रॉड आणि पिस्टनांवर करावा.

बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) वाढवण्याचा मोह मात्र टाळावा. दोन सिलिंडरांच्या मध्यांतील अंतर ८८ मिलिमीटर आणि मूळ बोअर ८१ असल्याने मध्ये ७ मिलिमीटर उरतात. लोकप्रिय ८३ च्या बोअरवर गेलात तर तेच ५ होतात, आणि हेड गॅस्केटला धरून राहायला तेवढीच जागा मिळते. बदल्यात घनमापात मिळणारी वाढ जेमतेम पाच टक्के असते, जी टर्बोच्या इंजिनात किंचित जास्त बूस्टनेही भरून निघते. बोअर साफ होण्यापुरता अर्ध्या मिलिमीटरचा ओव्हरसाइझ पुरेसा आहे.

काम सुरू करण्यापूर्वी ब्लॉक रसायनाने धुऊन घ्यावा, चुंबकीय पद्धतीने तडे पाहावेत, पाण्याच्या वाटांची दाबचाचणी करावी आणि ध्वनिलहरींच्या यंत्राने प्रत्येक सिलिंडरच्या भिंतीची जाडी अनेक ठिकाणी मोजावी. आपल्याकडे कूलंटऐवजी विहिरीचे पाणी ओतून वर्षानुवर्षे चालवलेल्या गाड्या कमी नाहीत; अशा ब्लॉकची भिंत आतून गंजून पातळ झालेली असते आणि ते बाहेरून दिसत नाही. बोअरिंगनंतरचे होनिंग (सिलिंडरच्या भिंतीची बारीक घासाई) टॉर्क प्लेट लावूनच करून घ्यावे. ही जाड प्लेट हेडच्या जागी तितक्याच ताणाने आवळल्यामुळे, हेड बसल्यावर बोअरला जो आकार येणार त्याच आकारात होनिंग होते. खाण पट्ट्यातील ट्रक आणि बार्जची इंजिने वर्षानुवर्षे बोअर करणारे कुशल कारागीर गोव्यात आहेत, पण त्यांच्याकडे या इंजिनाची प्लेट असेलच असे नाही. नसेल तर ती बनवून घ्यावी, किंवा ब्लॉक बेळगाव-कोल्हापूरकडे न्यावा. पावसाळ्यात काम काढलेत तर ताज्या घासलेल्या बिडावर आपल्या दमट, खाऱ्या हवेत बघता बघता गंज धरतो, म्हणून बोअर तेलाने माखून ब्लॉक प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवावा.

२.० टीएसआयचा ब्लॉकही बिडाचाच असून उत्तम आहे: ८२.५ चा बोअर, ९२.८ चा स्ट्रोक (पिस्टनची धाव) आणि १,९८४ घन सेंटिमीटर. पण थेट इंधन फवारणी आणि टायमिंग चेन असलेले ते वेगळ्या घराण्याचे इंजिन आहे. त्याचा नुसता ब्लॉक आणून भागणार नाही, हेड, वायरिंग आणि संगणकासह सगळेच आणावे लागेल.

शिवाय इंजिन क्रमांक ब्लॉकवरच कोरलेला असतो. ब्लॉक बदलला की नोंदणी पुस्तकातील क्रमांक जुळत नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ ने फेरफारांवर निर्बंध घातले आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. मूळ ब्लॉक ठेवल्याने क्रमांकाचा प्रश्न मिटतो, बाकीचे फेरफार आपोआप कायदेशीर होत नाहीत. म्हणून सुटे भाग मागवण्यापूर्वीच वाहतूक कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी.

प्रश्न : ब्लॉकच्या पाण्याच्या वाटा ग्राउटने (सिमेंटसारख्या घट्ट होणाऱ्या मिश्रणाने) भरल्यास भिंती मजबूत होतात असे ऐकले. रस्त्यावरच्या गाडीत ते करावे का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : करू नये. काही सेकंदांच्या ड्रॅग शर्यतीत ते चालते. रस्त्यावरच्या गाडीत सिलिंडरांच्या खालच्या भागातील उष्णता पाण्याऐवजी तेलात जाते, आणि मे महिन्यात म्हापसा ते पणजी रांगेत सरकताना तेलाचे तापमान वाढतच राहते. एकदा घट्ट झालेले ग्राउट पुन्हा काढताही येत नाही. भिंती इतक्या पातळ वाटत असतील, तर त्या ब्लॉकला लायनर (सिलिंडरात बसवायच्या नळ्या) बसवावेत किंवा दुसरा ब्लॉक शोधावा.