एचडीआर १०, एचडीआर १० प्लस, डॉल्बी व्हिजन: टीव्ही घेताना यातलं नेमकं काय बघायचं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ५५ इंची टीव्ही घेताना कोणता एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं चित्र) फॉरमॅट असलेला घ्यावा, आणि घरच्या सध्याच्या टीव्हीवर एचडीआर लागलं की चित्र काळपट का पडतं. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं त्यातूनच निघतं.

पडद्याचा उजेड निटमध्ये मोजतात. साधा, म्हणजे एसडीआर व्हिडिओ १०० निटच्या हिशेबाने तयार होतो. आपण घरी बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, पूर्ण वाढवतो, टीव्ही अडीचशे-तीनशे निट देतो, चित्र लख्ख दिसतं. आपल्या डोळ्यांना त्याचीच सवय झालेली असते. एचडीआर १० आणि डॉल्बी व्हिजनमध्ये हा हिशेब वेगळा आहे. तिथे सिग्नलच सांगतो की हा ठिपका इतक्या निटचा हवा. ही मोजपट्टी १०,००० निटपर्यंत जाते. सिनेमे बहुतेक वेळा १००० किंवा ४००० निटवर तयार होतात. पण म्हणून सगळं चित्र उजळ नसतं. माणसाचा चेहरा, भिंत, अंगण हे जवळपास पूर्वीच्याच पातळीवर राहतं आणि जास्तीचा उजेड फक्त दिव्याची ज्योत, भांड्यावरची चमक, ढगाची कड यांच्यासाठी राखलेला असतो. आता तीनशे निटचा टीव्ही ती हजार निटची ज्योत दाखवणार कुठून? तो सगळं दाबून आपल्या आवाक्यात बसवतो. याला टोन मॅपिंग म्हणतात. त्यात चेहरेही खाली ओढले गेले की तुम्ही म्हणता तसं चित्र काळपट. वर पॉवर सेव्हिंग चालू असेल तर विचारूच नका. ते आधी बंद करा.

म्हणजे डब्यावरच्या लेबलाचा अर्थ एवढाच, की टीव्हीला तो सिग्नल समजतो. दाखवता येतो की नाही, हे पॅनल, म्हणजे खुद्द पडदा, ठरवतं.

आता फॉरमॅट. एचडीआर १० हा पाया, २०१५ पासूनचा, खुला, कुठल्याही एचडीआर टीव्हीत असतोच. त्यात अख्ख्या सिनेमासाठी एकच सूचना असते: सर्वात उजळ ठिपका इतक्या निटचा. रात्रीच्या अंधाऱ्या वाड्याचा प्रसंग असो की भर दुपारचं शेत, टीव्ही त्याच एका आकड्यावरून अंदाज बांधतो. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर १० प्लस प्रत्येक प्रसंगासाठी, हवं तर प्रत्येक फ्रेमसाठी वेगळी सूचना पाठवतात, त्यामुळे दाबादाबी शहाणपणाने होते. गंमत अशी की याचा फायदा कमी उजेडाच्या टीव्हीलाच जास्त. ज्याच्याकडे मुळात भरपूर निट आहेत त्याला दाबायचंच थोडं असतं. डॉल्बी व्हिजनला परवाना शुल्क लागतं. सॅमसंग ते देत नाही, तिथे एचडीआर १० प्लस मिळतं. त्याने अडत काही नाही, डॉल्बी व्हिजनचा सिनेमा अशा टीव्हीवर साध्या एचडीआर १० मध्ये चालतो. एचएलजी हा बीबीसी आणि जपानच्या एनएचकेने प्रक्षेपणासाठी काढलेला प्रकार. आपल्या सेट-टॉप बॉक्सवर नेहमीचे चॅनेल एसडीआरच येतात, त्यामुळे तुमच्या निर्णयात त्याला फार जागा नको.

तुमचा हॉल पश्चिमेला उघडतो म्हणता. नागपुरात दुपारी तीननंतर त्या खिडकीतून काय येतं ते मी सांगायला नको. अशा खोलीत मी डॉल्बी व्हिजनच्या छापापेक्षा जास्त निट आणि लोकल डिमिंग (चित्राच्या अंधाऱ्या भागामागचा उजेड तेवढाच कमी करणं) असलेला मिनी एलईडी, म्हणजे पडद्यामागे बारीक बारीक दिवे असलेला टीव्ही, घेईन. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि विझतो, त्यामुळे त्याचा काळा रंग अप्रतिम, पण त्याची खरी मजा अंधारात. उन्हाळ्यात खिडक्यांना ताट्या लावून खोली मिट्ट करत असाल आणि सिनेमा रात्रीच बघत असाल, तर मात्र ओएलईडीचा विचार जरूर करा. तीनशे निटच्या स्वस्त टीव्हीवर चारही लेबलं असली तरी मी त्यासाठी एक रुपया जास्त मोजणार नाही.

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, दुकानात जाल तेव्हा डेमोवर भुलू नका. ट्यूबलाइटच्या झगझगाटात व्हिव्हिड, म्हणजे भडक रंगांच्या, मोडवर फुलं आणि पोपट सगळ्याच टीव्हीवर छान दिसतात. मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर करायला सांगा आणि यूट्यूबवर रात्रीचा, दिवे असलेला एखादा एचडीआर व्हिडिओ लावा. दिव्याकडे बघा: आत ज्योतीचा आकार दिसतो, की नुसता पांढरा ठिगळ? मग सिनेमाच्या वरखालच्या काळ्या पट्ट्या बघा. त्या राखाडी दिसत असतील, किंवा दिव्याभोवती धुरकट वलय येत असेल, तर लोकल डिमिंग एक तर नाही किंवा नावापुरतं आहे. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या.

घरी आणल्यावर दोन गोष्टी. नेटफ्लिक्सवर एचडीआर फक्त प्रीमियम प्लॅनमध्ये येतं, त्यामुळे खालच्या प्लॅनवर टीव्हीला दोष देऊ नका. आणि स्ट्रीमिंग स्टिक किंवा प्लेस्टेशन जोडणार असाल, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय पोर्टसाठी ‘डीप कलर’, ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘सिग्नल प्लस’ अशा कुठल्यातरी नावाचा पर्याय असतो. अनेक टीव्हींत तो बंद असतो आणि तो चालू केल्याशिवाय बाहेरून एचडीआर येतच नाही.