फ्लॉवरचे देठ पोकळ? आधी चिरून बघा, मग बोरॉनचं बोला

प्रश्न : फ्लॉवर 50 दिवसांचा झालाय. देठ पोकळ निघतात, काही गड्ड्यांवर तपकिरी डाग आहेत. दुकानदाराने बोरॉन दुप्पट मारायला सांगितलंय, सोबत मिक्स मायक्रोन्यूट्रिएंटचा (बोरॉन, जस्त अशा सूक्ष्म अन्नद्रव्यांचा) डबाही दिलाय. त्याने भाजी पौष्टिक होते म्हणतो. मारू का?

उत्तर : मारू नका. आधी चार-पाच देठ उभे चिरा. पोकळी आतून तपकिरी, पाणचट दिसली तर बोरॉन कमी पडलंय. पोकळी पांढरी, स्वच्छ असेल तर युरिया जास्त झालाय आणि झाड भसाभस वाढलंय. तिथे बोरॉन मारून काही होणार नाही. शेतावर जाऊन देठ चिरले की मला बऱ्याचदा पांढरीच पोकळी दिसते, आणि बोरॉन तोवर मारून झालेलं असतं!

तपकिरी पडलेला गड्डा कुठल्याही फवारणीने पांढरा होत नाही. बोरॉनची फवारणी आधीच करायची असते: बोरिक ॲसिड लिटरला 1 ग्रॅम, लागवडीनंतर महिन्याने आणि गड्डा सुपारीएवढा होताना, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. तुमची ती वेळ गेली.

दुप्पट तर कधीच नको. बोरॉनची कमतरता आणि बोरॉनची विषबाधा यांत अंतर फार थोडं असतं. आधी जुन्या पानांच्या कडा करपतात. जादा बोरॉन जमिनीत राहिलं तर मागून लावलेला घेवडाही मार खातो. दुकानदार डबा विकतो, घेवडा तुमचा जातो. दुप्पट नको म्हणजे नको.

पौष्टिकतेचं म्हणाल तर माती परीक्षणात जस्त 0.6 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 0.6 भाग) खाली असेल, तर जस्त दिल्याने वाढ सुधारते आणि भाजीतलं जस्तही वाढतं. मेथी-पालकात ते लवकर दिसतं, कारण आपण पानच खातो. जमिनीत पुरेसं असताना दिलेल्या जस्ताने उत्पादन वाढत नाही.

माझा आग्रह जस्त शेणखतात मुरवण्याचाच. एकरी 10 किलो झिंक सल्फेट 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात कालवा, पाणी शिंपडा, सावलीत गोणपाटाखाली आठ दिवस ठेवा, मग सरीत द्या. चुनखडीच्या जमिनीत नुसतं टाकलेलं जस्त लगेच अडकून बसतं. डीएपी खतात तर मिसळूच नका, त्यातलं स्फुरद जस्ताला धरून ठेवतं. बोरॅक्स (जमिनीतून द्यायचं बोरॉनचं खत) एकरी 4 किलो, तेही अहवालात कमतरता असेल तरच, लागवडीआधी, एकदाच.

मृदा आरोग्य पत्रिकेत (सरकारी माती परीक्षणाच्या अहवालात) बोरॉन-जस्तासह 12 घटक कळतात. नमुना पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी घ्या आणि सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) द्या. डबा न फोडता परत करा, पावती मागून घ्या.